पानाचं चित्र ब्राउझरनेच काढावं

(पडद्यावर: एक लांबलचक ऑनलाइन अर्ज. सगळ्यात खाली, लाल अक्षरांत एक ओळ.)

अर्ज भरून झाला. 'सबमिट'वर क्लिक केलं. पान जागचं हललं नाही, फक्त तळाशी लाल अक्षरांत एक ओळ उमटली. अर्जाचा क्रमांक सगळ्यात वर आहे, भरलेली माहिती मध्ये आणि काय चुकलं ते खाली. मदतीला बसलेला माणूस म्हणतो, "स्क्रीनशॉट पाठवा." त्याला हवं असतं अख्खं पान. कीबोर्डवरचं 'प्रिंट स्क्रीन' बटण देतं ते मात्र या क्षणी डोळ्यांसमोर आहे तेवढंच. शिवाय वर उघडे असलेले सगळे टॅब, बुकमार्कची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, आणि शेजारच्या टॅबवर दिसणारं दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं नाव. जे दाखवायचं होतं त्यातलं निम्मं आलेलं नसतं, आणि जे कुणाला दाखवायचं नव्हतं ते मात्र आलेलं असतं.

मग कसरत सुरू होते. एक चित्र वरच्या भागाचं, थोडं स्क्रोल करून दुसरं, अजून खाली जाऊन तिसरं. ते तीन तुकडे पाठवायचे आणि कुठल्यानंतर कुठला ते लिहून कळवायचं. जगभर कोट्यवधी माणसं रोज हे करतात. नोंद ठेवायला, तक्रार करायला, पुरावा म्हणून, शिकवताना दाखवायला. आणि ज्या प्रोग्राममध्ये ते पान उघडलेलं असतं, म्हणजे ब्राउझर, त्याच्या नेहमीच्या मेनूत यासाठी एक सरळ बटण असेलच असं नाही.

(पडद्यावर: जुन्या कीबोर्डचं जवळून दृश्य.)

'प्रिंट स्क्रीन' ही कळ आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डवर होती, १९८१ साली. शिफ्टसोबत ती दाबली की पडद्यावरची अक्षरं थेट प्रिंटरवर छापून यायची. विंडोजमध्ये तीच कळ पडद्याचं चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेत, ठेवू लागली. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ४. ॲण्ड्रॉइडवर २०११ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र. या सगळ्यांत चित्र काढते ती ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिला वेब पान म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तिच्यासमोर असतात फक्त रंगवलेले पिक्सेल, म्हणजे बारीक ठिपके. खिडकीच्या खालच्या कडेनंतर पान अजून कितीतरी उरलंय, हे तिला कळायला मार्गच नसतो.

ब्राउझरचं तसं नसतं. पान उघडताना तो आधी त्याची मांडणी करतो. कुठला परिच्छेद किती रुंद, तक्ता कुठे सुरू होतो, चित्राला किती जागा सोडायची, सगळं मिळून उंची किती, हा हिशोब तो करून ठेवतो. मग त्यातला जेवढा भाग खिडकीत मावतो तेवढा रंगवून दाखवतो. न दिसणाऱ्या भागाची मापंसुद्धा त्याच्याजवळ असतात. खिडकीची मर्यादा बाजूला ठेवून सगळं रंगवायला त्याला सांगायचं, एवढंच उरतं. पूर्ण पानाचं चित्र काढणं हे ब्राउझरचंच काम आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

(पडद्यावर: एक्स्टेन्शनने काढलेलं लांब चित्र, सावकाश खाली सरकत जाणारं.)

"एक्स्टेन्शन आहेत की," असं कुणीही म्हणेल, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम. आहेत, ढीगभर आहेत, आणि त्यांतली काही मनापासून बनवलेली आहेत. पण हे चित्र जवळून बघा. संकेतस्थळाची निळी पट्टी पानाच्या वरच्या कडेला चिकटून राहणारी आहे. ती इथे वर दिसते. थोडं खाली पुन्हा तीच पट्टी, वाक्याच्या मधोमध. आणखी खाली परत. जिथे जिथे पट्टी आली, तिथली एक-दोन ओळी मजकूर तिच्याखाली गेला. इथे तक्त्याचा आकडा अर्धाच दिसतोय, तुकड्यांचा जोड जरासा चुकला म्हणून.

याचं कारण एक्स्टेन्शनला मिळणाऱ्या अधिकारात आहे. क्रोममध्ये एक्स्टेन्शनला नेहमीच्या मार्गाने चित्र मिळतं ते फक्त टॅबच्या दिसणाऱ्या भागाचं. म्हणून ते पान स्वतः खाली सरकवतं, चित्र घेतं, पुन्हा सरकवतं, पुन्हा घेतं आणि शेवटी सगळे तुकडे चिकटवतं. त्यातही सेकंदाला जास्तीत जास्त २ चित्रं, अशी मर्यादा क्रोमने घातलेली आहे. पान लांब असेल तर ते आपोआप खाली सरकताना बघत बसायचं, माउसला हात लावायचा नाही. तेवढ्यात पानावरची एखादी जाहिरात उघडली आणि मजकूर खाली ढकलला गेला, की जोड बिघडलाच.

मग पानालाच स्वतःचं चित्र का काढता येत नाही? ते त्याला मुद्दाम करू दिलेलं नाही, आणि हा निर्णय बरोबर आहे. एका पानात दुसऱ्या संकेतस्थळाची चौकट बसवलेली असू शकते, तुम्ही लॉगिन केलेली. पानाला स्वतःचे पिक्सेल वाचता आले असते, तर त्या चौकटीत तुम्हाला काय दिसतंय तेही वाचता आलं असतं. पूर्वी उघडलेल्या लिंकचा रंग वेगळा दिसतो, त्यावरून तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात तेही कळलं असतं. हे दार बंदच राहायला हवं. म्हणजे पूर्ण पानाचं चित्र निर्धोकपणे काढू शकेल असा एकच उरतो, खुद्द ब्राउझर.

विश्वासाचा प्रश्न इथेच येतो. बरीच एक्स्टेन्शन बसवताना एक ओळ दाखवतात: सगळ्या संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी. आपण 'हो' म्हणतो, कारण आत्ता लगेच एक चित्र हवं असतं. ती परवानगी पुढे तशीच राहते, मालक बदलला तरी. टॅब झोपवून ठेवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं. २०२०मध्ये ते दुसऱ्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गुगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते काढून टाकलं. ते स्क्रीनशॉटचं नव्हतं, पण परवानगीची गोष्ट तीच. एका चित्रासाठी एवढी मोठी किल्ली परक्याच्या हाती द्यायला लागू नये.

(पडद्यावर: फायरफॉक्समध्ये राइट क्लिक. पानावरच्या भागांभोवती आपोआप उमटणारी चौकट.)

हे करता येतं, आणि करून दाखवलेलं आहे. फायरफॉक्सने २०१७मध्ये स्क्रीनशॉटची सोय आतच बसवली. राइट क्लिक करा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस. पान किंचित अंधारतं. माउस फिरवला की खालचा भाग ओळखून त्याभोवती चौकट येते: एखादा परिच्छेद, तक्ता, चित्र. क्लिक केलं की नेमका तेवढाच भाग निवडला जातो, हाताने कडा जुळवत बसावं लागत नाही. वरच्या कोपऱ्यात दोन बटणं असतात, एक पूर्ण पानाचं आणि एक दिसणाऱ्या भागाचं. परिच्छेद कुठे संपतो हे ब्राउझरला माहीत आहे आणि ती माहिती तो तुमच्यासाठी वापरतो, म्हणून हे मला फार आवडतं.

सुरुवातीला त्यात एक खोट होती. 'सेव्ह'चं ठळक बटण चित्र तुमच्या संगणकावर ठेवायच्या ऐवजी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या सर्व्हरवर चढवायचं आणि संगणकावर उतरवायचं चिन्ह बाजूला, लहानसं. लोकांनी यावर स्पष्ट नापसंती कळवली, आणि २०१९मध्ये ती सर्व्हरची सेवा बंद झाली. आता राहिलं ते साधं: कॉपी करा किंवा डाउनलोड करा. लोकांनी बोलून दाखवलं म्हणून ते सुधारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

इतर ब्राउझरही आहेत. व्हिवाल्डीमध्ये खालच्या पट्टीवर कॅमेऱ्याचं चिन्ह आहे. ऑपेरात स्नॅपशॉट आहे. एजमध्ये २०२०पासून तीच कळ चालते, कंट्रोल, शिफ्ट, एस, आणि काढलेल्या चित्रावर लगेच खुणाही करता येतात.

आणि संगणकावरचं क्रोम? त्यातही पूर्ण पानाचं चित्र निघतं, अगदी उत्तम निघतं. फक्त आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आय दाबून डेव्हलपर टूल्स उघडायची. मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी. येणाऱ्या चौकटीत 'स्क्रीनशॉट' हा शब्द इंग्रजीत टाइप करायचा. तिथे निवडलेल्या जागेचं, पूर्ण पानाचं, एकाच घटकाचं आणि दिसणाऱ्या भागाचं, असे चार पर्याय येतात. एवढी चांगली सोय प्रोग्रामरांसाठी असलेल्या खोलीत ठेवली आहे. अर्ज भरताना अडलेला माणूस तिथे कधी पोहोचणार? इंजिन तयार आहे, ती चारच नावं राइट क्लिकच्या मेनूत आणायची आहेत.

फोनवर गाडी थोडी पुढे आहे. आयफोनच्या आयओएस १३पासून, म्हणजे २०१९पासून, सफारीत स्क्रीनशॉट घेतला की 'फुल पेज' निवडून सगळं पान पीडीएफ म्हणून ठेवता येतं. ॲण्ड्रॉइड १२ने २०२१मध्ये स्क्रोल होणारा स्क्रीनशॉट आणला. संगणकावर मोठा पडदा, सविस्तर काम, आणि सोय मात्र कमी, हे उलटंच झालं.

(पडद्यावर: चित्रातल्या खाते क्रमांकावर फिरणारा काळा ब्रश.)

आता झाकण्याविषयी. स्क्रीनशॉट पाठवण्याआधी खाते क्रमांक, पत्ता, दुसऱ्या कुणाचं नाव झाकावं लागतं. लोक त्यावर ब्रश फिरवतात. ब्रश हायलाइटरसारखा अर्धपारदर्शक असेल, तर चित्राचा उजेड वाढवला की आकडे वर येतात. कापून टाकलेला भागसुद्धा गेलाच असं समजू नये. मार्च २०२३मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड बुकॅनन यांनी दाखवून दिलं की गुगलच्या 'पिक्सेल' फोनच्या चित्र संपादकात कापलेलं चित्र जुन्या फाइलवर लिहिलं जायचं, पण फाइलचं उरलेलं शेपूट तसंच राहायचं. त्यातून कापलेला भाग बराचसा परत मिळवता येत होता. त्यानंतर काहीच दिवसांत विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले. आधी पाठवलेली चित्रं मात्र जिथे गेली तिथे तशीच आहेत.

ब्राउझरला हे मुळापासून नीट करता येईल. आकडे पिक्सेल होण्याआधी त्याच्याकडे मजकूर म्हणूनच असतात. वापरणाऱ्याने ओळ निवडली की ती ओळ रंगवायचीच नाही, तिथे कोरी पट्टी काढायची. जे चित्रात कधी आलंच नाही ते कुणाला परत मिळवता येणार नाही. ही सोय ब्राउझरमध्ये आतच असावी, हे माझं सगळ्यात मोठं मागणं आहे.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. काही पानांवरची चित्रं तिथवर स्क्रोल केल्याशिवाय उतरतच नाहीत. ती आधी उतरवून घ्यावी लागतील, नाहीतर जागोजाग करड्या चौकटी येतील. काही पानांना तळच नसतो, तिथे कुठे थांबायचं ते वापरणाऱ्याला विचारावं. आणि लांबीला मर्यादा असतेच. फायरफॉक्समध्ये चित्र रंगवण्याच्या कॅनव्हासची एक बाजू ३२,७६७ पिक्सेलपेक्षा मोठी होत नाही. दाट पिक्सेलच्या पडद्यावर प्रत्येक मोजमाप दुप्पट होतं, त्यामुळे ती मर्यादा निम्म्या उंचीच्या पानालाच गाठली जाते. अशा वेळी पान मुकाट्याने अर्ध्यात कापू नये. सरळ सांगावं आणि क्रमांक घातलेले तुकडे द्यावेत. "पीडीएफ प्रिंट करा" हे याचं उत्तर होत नाही. छपाईसाठी बऱ्याच पानांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे छापून येतं ते डोळ्यांना दिसत होतं तसं नसतं.

(पडद्यावर: डाउनलोड झालेल्या फाइलचं नाव.)

एक शेवटची गोष्ट, पत्ता आणि वेळ यांची. फायरफॉक्स फाइलच्या नावात तारीख आणि पानाचं शीर्षक घालतो, त्यामुळे महिन्याभराने शोधताना मोठी मदत होते. पण पान कुठल्या पत्त्यावर होतं? पीएनजी या प्रकारच्या चित्राच्या फाइलमध्ये शीर्षक, तयार केल्याची वेळ आणि असा इतर मजकूर ठेवायला जागा असते. ब्राउझरने पत्ता तिथे लिहावा, हवा असल्यास चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांतही. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जो भाग येतो त्यात कधीकधी तुमची ओळख सांगणारा मजकूर असतो. म्हणून तो भाग आधीच गाळलेला असावा, आणि ज्याला ठेवायचा असेल त्याला सेव्ह करण्याआधी तिथल्या तिथे एक टिक करून ठेवता यावा.