गावाच्या संग्रहालयात आपलं खोकं हवं

नमस्कार मंडळी.

आज मला अमेरिकेतल्या आपल्या या गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीबद्दल, म्हणजे गावाचा इतिहास जपणाऱ्या संस्थेबद्दल बोलायचं आहे. मी तिथे व्हॉलंटियर म्हणून काम करते. शेवटी तुमच्याकडे जे मागणार आहे ते आत्ताच सांगून टाकते: तुमच्या घरातले, तुमच्या आईवडिलांच्या कपाटातले आणि आपल्या मराठी मंडळाच्या जुन्या फायलींतले कागद आणि फोटो. का हवेत, ते सांगते.

अमेरिकेत कुठल्याही छोट्या गावात गेलात तरी मेन स्ट्रीटच्या आसपास एक जुनं लाकडी घर, नाहीतर बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, नाहीतर एका खोलीची जुनी शाळा दिसते आणि बाहेर हिस्टॉरिकल सोसायटीची पाटी असते. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एखाद्या दुपारी दोन-तीन तास दार उघडं असतं. आपण गाडीतून जाता-येता ती पाटी वाचतो आणि पुढे जातो. आत काय असतं? सूत काढायचा चरखा, लोणी घुसळायचं लाकडी भांडं, यादवी युद्धातल्या कुणा सैनिकाचा डगला, फायर कंपनीची जुनी हेल्मेटं, हायस्कूलची इयरबुक्स, गावातल्या वर्तमानपत्राचे बांधलेले गठ्ठे. मला स्वतःला सगळ्यात आवडतात ते सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. आगीच्या विम्यासाठी ही कंपनी गावोगावच्या इमारती मोजून काढायची. विटांची इमारत गुलाबी, लाकडी इमारत पिवळी. जिन्याखाली काय आहे, बेकरीची भट्टी कुठे आहे, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. आज जिथे आपण भाजी घेतो तिथे शंभर वर्षांपूर्वी घोड्यांचा तबेला होता, हे तो कागद उलगडल्यावर कळतं.

या संस्थांची परंपरा जुनी आहे. बॉस्टनमध्ये १७९१ साली मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी निघाली, ती या देशातली पहिली. मग १८०४ मध्ये न्यूयॉर्कची, १८१२ मध्ये वुस्टरला अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी. पुढे हे लोण छोट्या गावांत पोचलं, आणि १९७६ साली देशाच्या द्विशताब्दीच्या उत्साहात कितीतरी गावांनी आपापली सोसायटी काढली किंवा मरगळलेली पुन्हा उभी केली. न्यूयॉर्क राज्याने तर १९१९ सालीच कायदा केला की प्रत्येक गावाने आपला एक अधिकृत इतिहासकार नेमावा. २०१४ मध्ये संग्रहालयांसाठीच्या फेडरल संस्थेने देशभरची मोजदाद केली तेव्हा आकडा ३५,००० च्या वर गेला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या या हिस्टॉरिकल सोसायट्या आणि वारसा जपणाऱ्या संस्था होत्या. मोठमोठ्या शहरांतली नावाजलेली म्युझियम आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो. पण या देशाची आठवण ज्यांनी सांभाळली आहे ती बहुतांशी अशी छोटी घरं आहेत, आणि ती चालवणारी माणसं बहुतेक ठिकाणी एक डॉलर पगार घेत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. या सोसायट्यांकडे वस्तू विकत घेण्याइतके पैसे नसतात. कुणी आणून देतं ते जमा होतं. आजी वारली, घर विकायचं आहे, माळ्यावरची पेटी सोसायटीत नेऊन दिली. म्हणजे गावाचा जो इतिहास कपाटात आहे तो देणाऱ्यांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच सोसायट्या गावातल्या जुन्या घराण्यांनी काढल्या. आपल्या पूर्वजांची नावं टिकावीत ही त्यामागची इच्छा होती, आणि ती काही गैर नव्हती. पण त्यामुळे कापडगिरणीत राबलेले, रेल्वेचे रूळ टाकणारे, धुणंभांडी करणारे, ज्यांच्या जमिनीवर गाव वसलं ते मूळ रहिवासी, ही सगळी मंडळी त्या कपाटात फार उशिरा आली, आणि काही अजून आलेलीच नाहीत. आपण त्या शेवटच्या यादीत आहोत. आपल्या सोसायटीत १८८० सालच्या चर्चच्या सहलीची जेवणाची यादी आहे. पण १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली आपली माणसं, ज्यांनी या गावात घरं घेतली, इथल्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या, इथल्या शाळांत मुलं घातली, त्यांच्याबद्दल जवळजवळ काही नाही.

जवळजवळ म्हणते, कारण एक फोटो सापडला. शाळेच्या कागदपत्रांच्या खोक्यात होता. जिमच्या भिंतीपाशी आठ बायका उभ्या, साड्यांवर कार्डिगन घातलेली, पायांत बर्फात घालायचे बूट, समोरच्या टेबलावर समई. मागे पेन्सिलीने दोनच शब्द: ‘इंडिया नाइट’. नाव एकही नाही. त्याच खोक्यातल्या बँडच्या फोटोमागे मात्र ट्रम्पेट वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव डावीकडून उजवीकडे ओळीने लिहिलेलं होतं. मी त्या फोटोची प्रत घेऊन आपल्या मंडळातल्या ज्येष्ठ मावश्यांकडे गेले. पाच जणींची नावं कळली. एकीने समईकडे बोट दाखवून सांगितलं, ‘ही माझी, आईने सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून दिली होती.’ उरलेल्या तिघी कोण, हे आता इथे कुणालाच आठवत नाही. पाच-सात वर्षं आधी विचारलं असतं तर सांगणारं माणूस होतं.

मला या वेळी आनंदीबाई जोशी आठवतात. त्या १८८३ मध्ये इकडे आल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आल्या. बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी या गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या, वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड बसवला. कॉलेजातली त्यांची कागदपत्रं आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लाम्बुली यांच्याबरोबर काढलेला १८८५ चा तो प्रसिद्ध फोटोही तिथेच. एका मराठी मुलीची अमेरिकेतली तीन वर्षं आपल्याला इतकी स्वच्छ दिसतात, कारण इथल्या एका कुटुंबाने आणि एका कॉलेजाने तिचे कागद फेकले नाहीत. आणि आपल्यातले कितीतरी जण तर इथे चाळीस-पन्नास वर्षं राहिले!

दुसरी बाजूही आहे. ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया गावात १९१३ साली भारताच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गदर पक्षाची स्थापना झाली. तिथल्या लाकडाच्या गिरणीत पंजाबी मजूर काम करायचे. या चळवळीत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. पुढे गिरणी गेली, माणसं पांगली आणि गाव ही गोष्ट विसरलं. स्थानिक इतिहासाचा नाद असलेल्या लोकांनी ती पुन्हा शोधून काढली आणि २०१३ मध्ये गावाने शताब्दी साजरी केली. कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीत तर पंजाबी समाजाने वाट पाहिली नाही. तिथल्या सटर काउंटीच्या संग्रहालयात शेतीच्या जुन्या अवजारांच्या सोबतीने त्यांचीही कहाणी मांडलेली आहे, आणि ती मांडण्यात समाजाचा हात आहे.

तर आपण काय द्यायचं? इथे मला जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात येतात त्या भारी वस्तू. पैठणी, नथ, आजीचा तांब्या, गंजिफा. या गोष्टी सुंदर आहेत, पण त्या तिकडच्या. गावची सोसायटी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: या गावात तिचं काय झालं? नाशिकहून आणलेला तांब्या ती कदाचित नाकारेल, आणि ते योग्यच आहे, कारण जागा थोडी असते. पण सत्तर साली कुणाच्या तरी गॅरेजमध्ये शाडू मिळाला नाही म्हणून पेपर-मॅशेने गणपती केला असेल, त्याचा साचा तिला हवा असेल. पॉटलकच्या याद्या, कुणी पोळ्या आणायच्या आणि कुणी श्रीखंड. विमानतळावर नवीन आलेल्यांना घ्यायला कोण जाणार त्याची फोनची साखळी. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं. शाळेचा हॉल भाड्याने मागणारं पत्र आणि त्याला आलेलं उत्तर. मंदिराच्या जागेसाठी झोनिंग बोर्डापुढे केलेलं भाषण, शेजाऱ्यांनी घेतलेली हरकत आणि बाजूने लिहिलेली पत्रंसुद्धा. भांडणाचे कागद फेकू नका. पुढे अभ्यास करणाऱ्याला अभिनंदनाच्या ठरावापेक्षा तेच जास्त सांगतात. दुकानाच्या पहिल्या दिवसाचा फोटो, पहिल्या मराठी शाळेची हजेरी, मुलांच्या हस्ताक्षरातली बाराखडी. ही तुम्हाला रद्दी वाटेल. संग्रहालयाला यातूनच गाव दिसतं.

आणि हे लवकर करायला हवं. सत्तरच्या दशकातल्या रंगीत फोटोंचा निळा रंग अंधारात ठेवूनसुद्धा उडतो आणि सगळी माणसं लालसर दिसायला लागतात. तुमच्या अल्बममध्ये हे झालेलं तुम्ही पाहिलंच असेल. चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले अल्बम तेव्हा घरोघरी होते, त्यांचा गोंद फोटोच खाऊन टाकतो. नाटकांच्या व्हीएचएस टेपा वीस-तीस वर्षांत खराब व्हायला लागतात. बेसमेंटमध्ये ओल येते, अ‍ॅटिकमध्ये उन्हाळ्यात भट्टी होते. खोकं ठेवायला घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे राहत्या खोलीतलं आतलं कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं.

दिल्यावर काय होतं तेही सांगते, म्हणजे मनात शंका राहणार नाही. तुम्ही आणि सोसायटी एका डीड ऑफ गिफ्टवर, म्हणजे दानपत्रावर सही करता. वस्तूची मालकी सोसायटीकडे जाते. त्यामुळे पुढे नातवंडांत आणि संस्थेत वाद होत नाही. कॉपीराइट ही वेगळी बाब आहे, ती त्याच कागदावर स्पष्ट लिहून घ्या. वस्तूला नंबर मिळतो: आधी साल, मग त्या वर्षातलं कितवं दान, मग त्यातली कितवी वस्तू. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने तो लिहितात, बॉलपेनने कधीच नाही. गंजलेल्या टाचण्या-क्लिपा काढून टाकतात आणि कागद आम्ल नसलेल्या फोल्डरमध्ये जातो. वस्तू कायम काचेच्या कपाटात मांडलेली दिसेल असं मात्र नाही. बहुतेक संग्रह खोक्यांत असतो, आणि ज्याला हवं त्याला काढून दाखवला जातो. मूळ फोटो सोडवत नसेल तर स्कॅन द्या, तेही चालतं. मौल्यवान काही देणार असाल तर करासाठी किंमत सोसायटी ठरवून देत नाही. रोख नसलेली दानं वर्षात ५०० डॉलरच्या वर गेली तर करखात्याचा ८२८३ नंबरचा फॉर्म लागतो, तेव्हा कराचं काम बघणाऱ्या आपल्या सीपीएला विचारा.

एक काम असं आहे जे फक्त आपणच करू शकतो. मोडीचं सोडा, साधी देवनागरीसुद्धा तिथे कुणाला वाचता येत नाही. मराठीतलं पत्रक त्यांच्याकडे गेलं तर नोंद होईल ‘परदेशी भाषेतला कागद’, आणि तो कागद तिथे असूनही हरवेल. म्हणून देणाऱ्याबरोबर वाचणाराही हवा. इंग्रजीत दोन ओळींचा सारांश, माणसांची पूर्ण नावं, माहेरची आडनावंसुद्धा, आणि तेव्हा कोण कुठल्या रस्त्यावर राहत होतं ते. हायस्कूलच्या मुलांना सेवेचे तास भरायचे असतात, त्यांनी आजी-आजोबांशेजारी बसून ही नोंद करावी. मुलं टाइप करतील, आजी सांगतील. महिन्यातली एक दुपार सोसायटीत देणारे आपल्यातले तिघे-चौघे जरी मिळाले तरी तिथल्या मंडळींना फार मोठा आधार होईल. तिथले बरेच जण सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि किल्ली पुढे कुणाच्या हाती द्यायची ही काळजी त्यांना रोज असते. मला तर वाटतं, त्यांच्या संचालक मंडळावर आपलं कुणीतरी असायला हवं. छताच्या गळतीपासून विम्यापर्यंत सगळ्यात भाग घेणारं. फक्त आपल्या कोपऱ्यापुरतं नाही.

हे काम आपल्याला परकं नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून दफ्तरं मागत फिरले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते सरकारच्या हुकमाने नव्हे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावच्या मातीत सापडणाऱ्या सातवाहनकाळातल्या वस्तू जमवल्या, त्यातून तिथलं संग्रहालय झालं. जिथे राहतो तिथल्या मातीची चौकशी करणारी माणसं आपल्याकडे आहेत. आपण या मातीत राहतो, तर हिची चौकशी आपणच करायला हवी.

जेवणानंतर मागच्या खोलीत सोसायटीच्या अध्यक्षा बसणार आहेत. स्कॅनर आहे, डीड ऑफ गिफ्टचे कोरे फॉर्म आहेत, आणि तो ‘इंडिया नाइट’चा फोटो मोठा करून लावला आहे. तिघींपैकी कुणी ओळखू आलं तर लगेच सांगा. पुढच्या बैठकीला येताना अल्बम आहे तसाच आणा, चिकटलेले फोटो ओढून काढू नका. मागे काही लिहायचं असेल तर पेन्सिल आमच्याकडे मिळेल.