कलम कुठलं?

शनिवारची दुपार. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका घराच्या माडीवर लॉ कॉलेजची सात-आठ पोरंपोरी बसलीत, मधे लॅपटॉप, प्रिंटआउट, लाल पेनं, आणि गेट पडलं की सगळ्यांचं बोलणं थांबतंय कारण गाडी जाईपर्यंत काही ऐकूच येत नाही. ही पोरं जर्नल चालवतात. कायदा आणि सार्वजनिक धोरण यावरचं, वर्षातनं एक अंक. संपादक तीच, लेख तपासणारी तीच, प्रूफं वाचणारी पण तीच.

कायद्याच्या क्षेत्रात ही एक वेगळीच रीत आहे बघा. केमिस्ट्रीचं जर्नल असलं तर लेख कोण तपासणार, त्या विषयात मुरलेले लोक. कायद्यात मात्र विद्यार्थी. अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १८८७ साली आपलं लॉ रिव्ह्यू सुरू केलं आणि ही पद्धत तिकडं पसरली, आज तिथले मोठमोठे प्रोफेसरसुद्धा आपला लेख पंचविशीतल्या पोरांकडं पाठवतात आणि पोरं तो नाकारतातही. यावर टीका होते, की ज्यांनी अजून एक केस चालवली नाही त्यांनी लेखाची पारख कशी करायची, आणि त्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं. आपल्या बाजूला बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचे विद्यार्थी सोशिओ-लीगल रिव्ह्यू काढतात, २००५ पासून. आणि बेळगाव म्हणाल तर इथं कायद्याचं शिक्षण त्याच्या कितीतरी आधीचं, राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं, पुढं सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तिथं शिकलेले.

पण मी कॅमेरा घेऊन या माडीवर आलो ते एका लेखासाठी.

लिहिणारी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, दुसऱ्या वर्षाला आहे, सकाळच्या बसनं सीबीटीला, म्हणजे मुख्य बसस्टँडवर, उतरते आणि तिथनं पुढं येते. तिच्या आजोबांना घराच्या कराची नोटीस आली ती कन्नडात, आजोबा मराठी शाळेत शिकलेले, नोटीस घेऊन शेजारच्या पोराकडं वाचून घ्यायला गेले. तिनं लेखात लिहिलं, जिथं १५ टक्के लोक मराठी बोलतात तिथं सरकारी कागद मराठीत मिळणं हा राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे. सीमाभागात हे वाक्य कुणी ऐकलं नाही? १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, मग सीमेच्या वादावर महाजन आयोग झाला, मग २००४ ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला, निकालाची वाट बघत पोरं मोठी झाली, आणि या सगळ्यात हे १५ टक्क्यांचं वाक्य घराघरात जेवताना बोललं जातं.

जर्नलमध्ये लेखावरचं नाव काढून टाकून मगच तो तपासायला देतात. तपासणाऱ्याला माहीत नाही लेख कुणाचा, लिहिणाऱ्याला माहीत नाही कोण तपासतंय. लेख परत आला तेव्हा त्या वाक्याच्या बाजूला लाल पेनानं दोनच शब्द होते. कलम कुठलं?

ती चिडली. मला म्हणाली, दादा, मला वाटलं कुणीतरी मुद्दाम अडवतंय.

मग ती शोधायला बसली. कलम ३५० अ काढलं, ते प्राथमिक शाळेत मातृभाषेतनं शिकवण्याबद्दल आहे, नोटिशीबद्दल नाही, आणि तिथंही राज्य 'प्रयत्न करील' एवढंच. ३५० ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायचा, बस. दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली. १५ टक्के कुठंच नाही. तीन आठवडे गेले. शेवटी त्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या जुन्या अहवालात धागा सापडला: केंद्राचं १९५६ चं निवेदनपत्र आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद. महत्त्वाच्या नोटिसा नि नियम अल्पसंख्याकांच्या भाषेत काढायचं तिथं ठरलंय, राज्यांनी मान्य केलेलं धोरण म्हणून. शाळेचा नियम तर आणखी जुना, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला, वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली की मातृभाषेतनं शिकवायची सोय. आणि या आयुक्तांच्या विभागीय कार्यालयांपैकी एक कुठं होतं, तर बेळगावातच! आपल्याच गावात, आणि आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

हक्क म्हटलं की कोर्टात उभं राहता येतं. सरकारनं मान्य केलेलं धोरण म्हटलं की विचारावं लागतं, तुम्ही कबूल केलं होतं, मग केलं का नाही, कुठल्या तालुक्यात केलं, कुठं नाही. दोन वेगळे रस्ते आहेत. तिनं लेख पुन्हा लिहिला, ते वाक्य काढलं, आणि मला विचाराल तर लेख आधीपेक्षा जास्त बोचणारा झाला, कारण आता तळटिपेत तारखा होत्या.

अंक छापून आल्यावर कळलं, लाल पेन चालवणारी गोकाकची, घरी कन्नड बोलणारी. तिला विचारलं तर म्हणाली, मी फक्त कलम विचारलं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अंक इंग्रजीत आहे, म्हणून खानापूरच्या त्या घरात नातीनं आजोबांना लेख मराठीत वाचून दाखवला, तळटिपांसकट. आजोबांनी मधे एकदाच थांबवलं, म्हणाले, एकसष्टचं ते परत वाच गं. तिनं परत वाचलं.

मग अर्ज लिहायला घेतले. आजोबांनी वहीचं पान फाडून मराठीत, आणि समोर बसून नातीनं तोच अर्ज कन्नडात. दोन्हीवर वर एकच विषय होता, घरपट्टीची नोटीस मराठीतही मिळणेबाबत, आणि खाली संदर्भ, १९६१.