शेरीफ गावात नव्हता

(पडद्यावर : कृष्णधवल चित्र. धुळीचा रिकामा रस्ता. दोन घोडेस्वार गावात शिरतात. त्यांच्या पुढ्यातून एक कुत्रा रस्ता ओलांडतो.)

साल 1885. अमेरिकेतलं नेवाडा राज्य आणि कथेतलं गाव ब्रिजर्स वेल्स. रानात बरेच दिवस काढून आलेले दोन गुराखी, गिल आणि आर्ट, घोडे बांधून थेट बारमध्ये शिरतात. इथे करण्यासारखं काय आहे, असं विचारल्यावर बारवाला सांगतो : खा, झोपा, प्या, पत्ते कुटा, नाहीतर मारामारी करा. गावाची ओळख एवढ्या एका वाक्यात होते. गावाचे हात रिकामे आहेत.

तेवढ्यात एक जण घोडा दामटत बातमी घेऊन येतो. लॅरी किंकेड नावाच्या पशुपालकाला गोळी घातली आणि त्याची गुरं पळवली. क्षणात बार रिकामा होतो. रस्त्यावर माणसं जमतात, दोर येतात, बंदुका येतात. आणि कुणीतरी विचारतं, शेरीफ कुठाय?

शेरीफ गावात नाही. तो किंकेडच्याच कुरणाकडे गेलाय.

1943 साली प्रदर्शित झालेला ‘द ऑक्स-बो इन्सिडंट’ हा 75 मिनिटांचा चित्रपट या एका गैरहजेरीवर उभा आहे.

(पडद्यावर : चौकात जमलेला घोळका. उजवे हात वर.)

त्या काळी पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये पोलीस ठाणी नव्हती. अफाट मुलुख आणि तिथे कायदा राखायला एक शेरीफ. गुन्हेगार पळाले की शेरीफ गावातल्या धडधाकट माणसांना हाक द्यायचा, त्यांना शपथ द्यायचा आणि त्यांना घेऊन माग काढायला निघायचा. या तुकडीला म्हणतात पॉसी. मूळ लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ परगण्याचं बळ, आणि प्रथा इंग्लंडच्या मध्ययुगीन कायद्यातली. शपथ घेतली की शेतकरी, लोहार, दुकानदार, सगळे तेवढ्यापुरते कायद्याची माणसं होतात. शपथ नसेल तर तीच माणसं, तेच घोडे, तेच दोर, आणि त्याला नाव एकच : जमाव.

इथे शपथ दिली जाते, पण ती देतो शेरीफचा डेप्युटी. त्याला तो अधिकार नाही. गावचा न्यायाधीश तसं बजावतोही. पण त्याच्या आवाजात दम नाही, आणि लोकांना तर फक्त हात वर करून घ्यायचे आहेत. गिल आणि आर्टला मनातून यात पडायचं नाही. तरी ते निघतात. परगावचे आहेत, मागे राहिले तर संशय त्यांच्यावरच येईल. जमावात माणसं कशी ओढली जातात, हे मी पडद्यावर इतक्या साधेपणाने दाखवलेलं क्वचितच पाहिलंय. कुणी भाषण करत नाही. माणूस फक्त घोड्यावर बसतो, कारण शेजारचा बसलाय.

(पडद्यावर : दिग्दर्शकाचं छायाचित्र. स्टुडिओतल्या दिव्यांचं दृश्य.)

मूळ कादंबरी वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क यांची, 1940 सालची. क्लार्क नेवाडातच वाढले होते. दिग्दर्शक विल्यम वेलमन या कादंबरीने झपाटून गेले. वेलमन म्हणजे पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवलेला माणूस. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिलावहिला ऑस्कर मिळवणारा ‘विंग्ज’ त्यांचाच. तरीही या कथेला पैसा लावायला कुणी तयार होईना. यात नायक जिंकत नाही, प्रेमकथा नावापुरती, आणि शेवटी तीन माणसं फासावर जातात. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे डॅरिल झॅनक अखेर तयार झाले, पण वेलमन यांनी बदल्यात स्टुडिओसाठी आणखी चित्रपट करून द्यायचे, या बोलीवर. आणि खर्च बेताचा ठेवायचा.

म्हणून गावाचा रस्ता स्टुडिओच्या आवारातला. आणि ऑक्स-बो नावाची ती दरी, जिथे बरंचसं नाट्य घडतं, तीसुद्धा स्टुडिओच्या छपराखाली उभारलेली. खडक, एक वाकडं झाड, मागे रंगवलेलं आकाश. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते आकाश खटकलं होतं. वेस्टर्न म्हटलं की डोळ्यांना क्षितिज हवं असतं. इथे क्षितिजच नाही. पुढच्या खेपेला जाणवलं की हीच तर या चित्रपटाची ताकद आहे. वारा हलत नाही, पलीकडे काही दिसत नाही, पळायला वाट नाही. पकडलेल्या तिघांना जसं वाटत असेल तसंच पाहणाऱ्यालाही कोंडल्यासारखं होतं. छायालेखक आर्थर मिलर यांनी शेकोटीच्या उजेडात चेहरे असे धरले आहेत की बघ्यांच्या रांगेतला प्रत्येक माणूस वेगळा ओळखू येतो. आणि पार्श्वसंगीत जवळपास नाहीच.

(पडद्यावर : विझत आलेली शेकोटी. झोपलेली तीन माणसं. भोवती घोड्यांचे पाय.)

रात्री त्या दरीत पॉसीला तीन माणसं झोपलेली सापडतात. डॅना अँड्र्यूज यांनी साकारलेला मार्टिन हा तरुण पशुपालक, एक मेक्सिकन, आणि भान हरपत चाललेला एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या भूमिकेत आहेत फ्रान्सिस फोर्ड, दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचे थोरले भाऊ. तिघांजवळ किंकेडची गुरं आहेत. मार्टिन म्हणतो, विकत घेतली. पावती? पावती नाही, किंकेड म्हणाला नंतर पाठवतो. मेक्सिकन माणसाजवळ किंकेडचं पिस्तूल निघतं. तो म्हणतो, वाटेत सापडलं.

पुरावा म्हणाल तर एवढाच. दिवसाउजेडी, न्यायालयात, एका निरोपाने या सगळ्याचा उलगडा झाला असता. पण जमावाला पहाट व्हायच्या आत निकाल हवा आहे.

मेक्सिकन झालेत अँथनी क्विन. पळायचा प्रयत्न करताना त्याच्या पायात गोळी बसते आणि ती तो स्वतःच सुरीने उकरून काढतो. अवतीभवतीच्या बंदूकधाऱ्यांपैकी कुणाकडेही तेवढी हिंमत दिसत नाही.

टोळीचा म्होरक्या मेजर टेटली अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या सैन्याचा जुना गणवेश चढवून आलाय. तो खरंच लढला होता का, याची लोकांनाच शंका. हळव्या मुलाला मर्द करायचं म्हणून त्याने बळेच बरोबर आणलंय. आणि जेन डारवेल! 1940 च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये इथे गिल झालेल्या हेन्री फोंडाच्या आईची भूमिका करून त्यांनी ऑस्कर मिळवला होता. सोशीक, घर सांभाळणारी माउली. तोच चेहरा इथे घोड्यावर बसून फासाच्या गोष्टी करत खदखदून हसतो. ही निवड ज्याने कुणी केली, त्याला माणसाच्या मनाची चांगली पारख होती. अशा टोळ्यांमध्ये राक्षस नसतात. कुणाच्या तरी आया असतात.

(पडद्यावर : नेब्रास्कातल्या ओमाहा शहराचं जुनं छायाचित्र. न्यायालयाची इमारत.)

आता गिलची भूमिका करणाऱ्या हेन्री फोंडाविषयी.

28 सप्टेंबर 1919. ओमाहा शहर. फोंडा तेव्हा 14 वर्षांचा होता. वडिलांचा छापखाना न्यायालयासमोरच्या चौकात होता. त्या रात्री हजारोंच्या जमावाने न्यायालय पेटवलं. आत कोठडीत विल ब्राउन नावाचा कृष्णवर्णीय कामगार होता. त्याच्यावर आरोप होता, खटला चाललेला नव्हता. जमावाला थांबवायला महापौर एडवर्ड स्मिथ पुढे आले, तर लोकांनी त्यांच्याच गळ्यात दोर टाकला. ते कसेबसे वाचले. विल ब्राउन वाचला नाही. त्याला फासावर लटकवलं, गोळ्यांनी चाळण केली आणि मग त्याचं प्रेत जाळलं.

वडिलांनी छापखान्याच्या खिडकीतून मुलाला हे सगळं पाहू दिलं. मग काही न बोलता छापखान्याला कुलूप लावलं आणि त्याला घरी नेलं. आपले हात घामाने ओले झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं, असं फोंडाने पुढे म्हातारपणी सांगितलं.

अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदींप्रमाणे 1882 ते 1968 या काळात अमेरिकेत 4,743 माणसं अशी जमावाच्या हातून मेली. त्यांतली 3,446 कृष्णवर्णीय होती. चित्रपटातले तीन बळी कृष्णवर्णीय नाहीत. पण वेलमन आणि पटकथाकार लमार ट्रॉटी यांनी ही गोष्ट नजरेआड होऊ दिली नाही. टोळीसोबत स्पार्क्स नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस आहे, धर्मोपदेश करणारा. भूमिका ली व्हिपर यांची. मरणाऱ्यांसाठी कुणीतरी प्रार्थना करायला हवी, म्हणून तो आलाय. वाटेत तो गिलला सांगतो, लहानपणी माझ्या भावाला असंच मारलेलं मी पाहिलंय, अजून कधीकधी स्वप्नात दिसतं. आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत. आणि हे ऐकतोय कोण, तर ओमाहाच्या त्या खिडकीतला मुलगा.

(पडद्यावर : माणसांचे दोन गट. मधे मोकळी जागा.)

मार्टिन विनवतो, निदान बायकोला पत्र लिहू द्या. ते दिलं जातं. मग मत घेतलं जातं : ज्यांना थांबायचंय, खटला व्हावा असं वाटतंय, त्यांनी या बाजूला यावं. मधली ती चार पावलांची मोकळी जागा. दुकानदार डेव्हिस जातो. स्पार्क्स जातो. गिल आणि आर्ट जातात. टेटलीचा मुलगा बापाच्या देखत जातो. सगळे मिळून सात.

सात पुरत नाहीत.

पहाटे वाकड्या झाडाखाली तीन घोडे उभे केले जातात. टेटली आपल्या मुलाला एका घोड्यामागे चाबूक घेऊन उभं करतो. त्याचा हात उचलत नाही. बाप त्याला पिस्तुलाच्या दस्त्याने खाली पाडतो. पुढे आपल्याला दिसतात जमिनीवरच्या सावल्या, आणि ऐकू येतं स्पार्क्सचं गाणं.

टोळी परत फिरते, तर समोरून शेरीफ येतो.

(पडद्यावर : शेरीफचा चेहरा. मागे थबकलेले स्वार.)

किंकेड मेलेलाच नाही. त्याच्यावर गोळी झाडणारे पकडलेसुद्धा आहेत. शेरीफ डेप्युटीचा बिल्ला काढून घेतो. डेव्हिसला विचारतो, यात कोण कोण होतं? डेव्हिस म्हणतो, सात सोडून सगळे. बस. कोर्टात चालायला हवा होता तो खटला इथे, घोड्यांवर बसल्या बसल्या, एका वाक्यात संपतो.

टेटली घरी जातो, मुलाला बाहेर ठेवून दार लावतो. आतून गोळीचा आवाज येतो.

चित्रपट चालला नाही. युद्धाचे दिवस होते. चित्रीकरण झालं त्याच वर्षी, 1942 मध्ये, फोंडा नौदलात दाखल झाला होता. लोकांना थिएटरात उभारी हवी होती. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मात्र मिळालं. पुरस्कार ‘कासाब्लांका’ला गेला. 1998 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, याचा समावेश झाला. झुंडबळीला संघराज्याच्या पातळीवर स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत व्हायला मार्च 2022 उजाडावं लागलं.

(पडद्यावर : पुन्हा तोच बार. ओळीने उभी असलेली माणसं. कुणी बोलत नाही.)

शेवटी गिल मार्टिनचं ते पत्र वाचतो. कादंबरीत पत्राचा मजकूर आपल्याला कळत नाही. तो पडद्यासाठी लिहिला गेला. त्यातलं कायद्याबद्दलचं बोलणं काही समीक्षकांना उपदेश वाटलं, आणि थोडं आहेही तसं. पण वेलमन यांनी कॅमेरा कुठे ठेवलाय ते पाहा. गिल आणि आर्ट बारला टेकून उभे आहेत. पुढे असलेल्या आर्टच्या हॅटची कड नेमकी गिलच्या डोळ्यांवर येते. एवढा मोठा नट, चित्रपटातला सगळ्यात मोठा प्रसंग, आणि त्याचे डोळेच दिसत नाहीत. दिसतात फक्त ओठ, मेलेल्या माणसाचे शब्द उच्चारणारे. डोळे दिसले असते तर आपण फोंडाचं दुःख पाहत बसलो असतो. ते झाकल्यामुळे मार्टिनचा आवाज ऐकू येतो.

मार्टिनच्या विधवेसाठी बारमध्ये पैसे जमवले जातात, सुमारे 500 डॉलर. गिल ते आणि पत्र घेऊन बाहेर पडतो. आर्ट विचारतो, कुठे निघालास? गिल म्हणतो, हे पत्र बायकोला मिळावं असं तो म्हणाला होता ना? पोरांकडे बघायला कुणी नाही, असंही म्हणाला होता ना?

(पडद्यावर : दोन घोडेस्वार गावाबाहेर पडतात. तोच रस्ता. कुत्रा रस्ता ओलांडतो.)