चिठ्ठी पुन्हा त्याचीच का?

(वणी तालुक्यातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विषय संभाव्यतेचा, म्हणजे गणिताचा, आणि दिवस कापूस वेचणीचे. तरी तुम्ही एवढे जण आलात, फार बरं वाटलं.

आपल्या वणी-घुग्घुस पट्ट्यात घरटी एखादा तरी खाणीत नाहीतर कोळशाच्या ट्रकवर आहे. दारू-नशेच्या तपासणीसाठी ड्युटीवर चढण्याआधी मशीनमध्ये फुंकायचं, कधी लघवीचा नमुना द्यायचा, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. माझा भाचा एका ठेकेदाराकडे डंपर चालवतो. सुपारी-तंबाखूचा खर्रासुद्धा न खाणारा पोरगा! मागच्या रांगेतल्यांनी हसू नका, असे असतात आपल्याकडे. तिथे कोणाला तपासायचं, ती नावं कॉम्प्युटर सोडतीनं काढतो. जूनमध्ये तपासणीच्या यादीत त्याचं नाव आलं, ऑगस्टमध्ये आलं, सप्टेंबरमध्ये पुन्हा. तिन्ही वेळा निकाल स्वच्छ. पण पानठेल्यावर सुरू झालं, "काऊन बे, तुलेच बलावते? काहीतरी असनच." नोव्हेंबरात चौथ्यांदा नाव निघालं, तेव्हा सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "कॉम्प्युटर काय येडा आहे का?" ही गोष्ट गावात पोचली, मुलीकडच्यांनी बैठक पुढे ढकलली. एका रात्री बहिणीचा फोन. "दादा, खरं सांग, पोट्टा पेते का?" चार स्वच्छ निकाल हातात असताना आईला पोराचा संशय यावा! मला याचा अजून राग येतो.

अमेरिकेत ट्रकचालकांची अशी तपासणी कायद्यानंच होते. 2020 पासून अमली पदार्थांच्या वार्षिक तपासण्यांचं प्रमाण चालकसंख्येच्या निदान 50 टक्के आहे. त्याआधी 25 होतं. म्हणून अर्धे चालक तपासले जातात असं समजू नका. हा आकडा तपासण्यांचा आहे. प्रत्येक सोडतीत प्रत्येकाला सारखी संधी, त्यामुळे कालचा माणूस आजही निघू शकतो. तसं केलं नाही तर जानेवारीत तपासलेला डिसेंबरपर्यंत बिनधास्त.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, शेवटची एसटीही गाठायची आहे अनेकांना. तर भराभर सांगतो.

समजा 50 कामगार. दर महिन्याला 5 चिठ्ठ्या काढायच्या, पुढच्या महिन्यात सगळ्या पुन्हा डब्यात. एका महिन्यात सुटण्याची शक्यता 0.9. बारा महिने सुटायचं तर 0.9 बारा वेळा मांडून त्यांचा गुणाकार करायचा, येतात 0.28. म्हणजे साधारण 14 जणांचं नाव वर्षभर निघतच नाही. 19 जणांचं एकदा, अकरा-बारा जणांचं दोनदा, आणि पाच-सहा जणांचं तीन किंवा जास्त वेळा. आता चार किंवा जास्त वेळा. आधीच एकाकडे बोट दाखवून 'याचंच निघेल' म्हटलं, तर शक्यता शंभरात अडीचच्या आसपास. पण पन्नासांत कुणातरी एकाचं निघण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या वर! पानठेल्यावरचे लोक नाव निघाल्यावर बोट दाखवतात, घोळ तिथे होतो.

ऑफिस चुकतच नाही, असं माझं म्हणणं नाही. ठरलेल्या एका माणसाचं नाव वर्षात आठ वेळा निघण्याची शक्यता दहा लाखांत तीन-चार. तसं झालं तर युनियनमार्फत लेखी विचारा: यादीत सगळ्यांची नावं होती का, ठेकेदाराची माणसं आणि कायम कामगार एकाच यादीत होते का, सोडत कोणासमोर काढली, आणि मागच्या बारा महिन्यांचं रजिस्टर कुठे आहे.