देल्फीनची सुट्टी

मंडळी, थोड्याच वेळात आपण फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेर यांचा ‘ल रेयाँ व्हेर’, म्हणजे ‘हिरवा किरण’ पाहणार आहोत. १९८६ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात याला सुवर्णसिंह, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. पण आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नायिकेचं सारखं रडू येणं अतिरेकी वाटेल.

फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्यानं दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. १९८२ साली ती पाच आठवड्यांवर गेली. ऑगस्टात पॅरिस ओस पडतं. जो तो समुद्रावर, नाहीतर डोंगरात. अशा वेळी मागे उरायचं म्हणजे आपल्याला कुणी नाही, हे चारचौघांत जाहीर होणं. देल्फीन सेक्रेटरी आहे. ग्रीसला जायचं ठरलेलं, सुट्टी तोंडावर आलेली आणि मैत्रीण ऐनवेळी नाही म्हणते. मग सुरू होते तिची वणवण: समुद्रकाठचं शेरबूर, आल्प्समधलं ला प्लान्य, पुन्हा समुद्रकाठचं बियारित्झ. ला प्लान्यला तर ती पोचते त्याच दिवशी परत फिरते!

रोमेर यांनी हा चित्रपट आपल्या ‘विनोदिका आणि म्हणी’ या मालिकेत ठेवला. विनोद कशाचा, तर सल्ल्यांचा. भेटेल तो तिला कसं जगावं ते शिकवतो. शेरबूरला जेवणाच्या टेबलावर ती म्हणते, मी मांस खात नाही. झालं! सगळे अगदी मायेनं तिची उलटतपासणी घेतात. ती समजावू पाहते, अडखळते, पुन्हा सुरुवात करते. हे संवाद आधी लिहिलेलेच नव्हते. देल्फीन झालेली मारी रिव्हिएर आणि बाकीची माणसं ते कॅमेऱ्यासमोर सुचतील तसे बोलली आहेत. १६ मिलिमीटरचा कॅमेरा, अगदी मोजकं पथक. म्हणून ते अवघडलेपण इतकं खरं उतरतं. माणसांच्या घोळक्यात माणूस किती एकटा पडतो, हे इतक्या साधेपणानं दाखवणारा दुसरा प्रसंग मला तरी आठवत नाही.

बियारित्झला लेना नावाची एक स्वीडिश मुलगी भेटते. मोकळी, हसरी. पुरुषांशी कसं खेळावं, पत्ते कसे झाकून ठेवावेत, हे ती देल्फीनला सांगते. देल्फीनकडे झाकायला काही नाहीच. लोक तिला हट्टी म्हणतात. मला तो तिचा प्रामाणिकपणा वाटतो. मनात नसलेलं हसू तिला आणता येत नाही.

तिथंच तिच्या कानावर ज्यूल व्हेर्न यांच्या याच नावाच्या १८८२ सालच्या कादंबरीची चर्चा पडते. सूर्य बुडताना वातावरणात त्याचे रंग कमी-जास्त वाकतात, हवा स्वच्छ असली तर शेवटचा किरण क्षणभर हिरवा दिसतो. तो दिसला की आपलं आणि दुसऱ्याचं मन कळतं, असं कादंबरी म्हणते.

शेवट सांगत नाही. चित्रपटानंतर मात्र मला तुमच्याकडून ऐकायचंय: लेनाचं बरोबर, की देल्फीनचं?