खेकड्याचं माहेर

श्रोतेहो, नमस्कार.

मी मूळची कर्जतची. कर्जतला गाडी का थांबते असं कुणी विचारलं, तर आम्ही पोरं दोन कारणं सांगायचो: वडे आणि बँकर. पुण्याकडे निघालेल्या गाडीला बोरघाट चढायचा तर मागून जोर लावणारी जादा इंजिनं जोडावी लागतात, ती बँकर. इंजिन येऊन लागलं की सबंध गाडीतून एक हादरा जायचा आणि फलाटावरची माणसं वड्यांच्या पुड्या सांभाळत डब्याकडे धावायची. माझे आजोबा याच घाटात इंजिनावर असिस्टंट होते. त्यांच्या बोलण्यात एका जुन्या विजेच्या इंजिनाचं नाव सारखं यायचं, खेकडा. मधे केबिन, पुढे-मागे लांबलचक नाकाडं, आणि नुसतं उभं असलं तरी कण्हल्यासारखा आवाज. आजोबांकडे एक लाल कापडी बांधणीची चोपडी होती. कोणत्या तारखेला कोणतं इंजिन मिळालं, त्याचा नंबर, आणि पुढे एखादाच शब्द. ‘बरं’. ‘तापतंय’. ‘गुणी’. त्या चोपडीचं काय करायचं हे घरात कुणालाच कळत नव्हतं, मलाही नाही.

ते कळायला मला इंग्लंडच्या उत्तर भागात जावं लागलं.

२०१५ साली मी नोकरीसाठी लीड्सला गेले. राहायला नेअर्सबरो नावाच्या छोट्या गावात. तिथे निड नदीच्या घळीवर रेल्वेचा दगडी पूल आहे, पूल संपतो न संपतो तोच स्टेशन, आणि सिग्नल केबिन तर घरांच्या रांगेच्या टोकालाच चिकटवलेली. रोज सकाळी तिथून लीड्सची गाडी. पहिल्याच आठवड्यात लीड्सच्या फलाटाच्या अगदी टोकाला एक वयस्कर गृहस्थ दिसले. हातात वही, पायाशी चहाचा थर्मास. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तर त्यांनीच विचारलं, ‘कोणत्या गाडीने आलात?’ मी म्हटलं, ‘सव्वाआठच्या.’ ते म्हणाले, ‘वेळ नको, नंबर सांगा.’

मला नंबर माहीत नव्हता. ज्या गाडीत रोज पाऊण तास बसायचं तिचं नावगाव मला सांगता येईना, याची तेव्हा खरोखर लाज वाटली.

अशा माणसांना तिकडे ट्रेनस्पॉटर म्हणतात. गाडी बघायची आणि तिचा नंबर टिपायचा. तिथल्या गाड्यांच्या संचांना सहा आकडी क्रमांक असतो. पहिले तीन आकडे जात सांगतात, पुढचे तीन त्या जातीतली नेमकी गाडी. १५० म्हटलं की एक जात, १५८ म्हटलं की दुसरी. छापील यादी जवळ ठेवायची आणि एखादी गाडी आयुष्यात पहिल्यांदा दिसली की तिच्या क्रमांकाखाली रेघ ओढायची. त्या पहिल्या भेटीला त्यांच्या बोलीत ‘कॉप’ म्हणतात. या याद्यांची सुरुवात १९४२ सालची, ऐन युद्धातली. सदर्न रेल्वेच्या लंडनच्या कचेरीत इयन अ‍ॅलन नावाचा वीस वर्षांचा कारकून होता. इंजिनांची माहिती विचारणाऱ्या लोकांच्या पत्रांना उत्तरं देऊन तो थकला. सगळ्या इंजिनांची एक पुस्तिकाच छापावी असं त्याने सुचवलं, वरिष्ठांनी नको म्हटलं, तेव्हा त्याने ती स्वतःच काढली. त्यानंतरची निदान दोन दशकं तिथली शाळकरी पोरं पेन्सिल आणि पुस्तिका घेऊन फलाटांच्या टोकांवर उभी असायची. मला भेटलेले गृहस्थ त्या पोरांपैकीच एक.

मोठ्या नावाजलेल्या इंजिनांसाठी गर्दी कुठेही होते. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘मॅलार्ड’ आहे. १९३८ च्या जुलैत ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारं हे वाफेचं इंजिन. त्याच्यासमोर मीही लहान मुलासारखी उभी राहिले. पण माझा जीव जडला तो आडलाइनींवरच्या साध्या गाड्यांवर. त्यांतली सगळ्यात साधी म्हणजे पेसर.

पेसर ही १९८० च्या दशकातली काटकसर. बसच्या सांगाड्यावरून घेतलेला डबा आणि त्याखाली फक्त दोन आस, म्हणजे चार चाकं. आपल्याकडच्या डब्याखाली दोन बोग्या, म्हणजे चार-चार चाकांचे फिरते गाडे, मिळून आठ चाकं असतात, त्यामुळे वळणावर डबा अंग वळवून घेतो. पेसरला ते जमायचं नाही. वळण आलं की चाकं रुळावर किंचाळायची आणि सरळ रुळावर डबा माना डोलवत जायचा, म्हणून लोकांनी तिचं नाव ‘मान डोलावणारं गाढव’ असं पाडलं होतं. वीसेक वर्षांसाठी बांधलेल्या या गाड्या तीस वर्षांहून जास्त धावल्या. मी पाच वर्षं त्यांतून गेले-आले. गाडी म्हणून ती आरामाची नव्हतीच. पण खिडक्या मोठ्या होत्या, आणि पावसाळी, बर्फाळ सकाळी डोंगरउतारांवरच्या खेड्यांमध्ये हीच गाडी यायची. हिच्यापेक्षा चांगली कुणी पाठवत नव्हतं. उत्तरेच्या लाइनींवरून शेवटच्या पेसर गेल्या त्या २०२० च्या नोव्हेंबरात. तेव्हा करोनामुळे घराबाहेर पडायला बंदी होती. ज्यांनी तीस वर्षं त्यांचे नंबर टिपले, त्यांना निरोपाला जाता आलं नाही. मी माझ्या वहीत १४४ ने सुरू होणारा शेवटचा नंबर कधी टिपला ते नंतर उलगडून पाहिलं. मार्चमधला एक बुधवार होता. ती शेवटची आहे हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

आता मी तुम्हाला रिबलहेडला नेते, कारण या छंदाचं मोल मला तिथे कळलं.

लीड्सहून कार्लाइलला जाणारी गाडी सेटल नावाचं गाव सोडलं की डोंगर चढायला लागते. सेटल ते कार्लाइल हा रस्ता साधारण ११६ किलोमीटरचा, त्यात १४ बोगदे आणि वीसच्या वर मोठे पूल. मिडलंड रेल्वे कंपनीने तो बांधला तो खरं तर नाइलाजाने. प्रतिस्पर्धी कंपनीशी जुळतंय असं दिसल्यावर हे काम रद्द करू द्या, म्हणून १८६९ मध्ये मिडलंडनेच पार्लमेंटकडे अर्ज केला होता. पार्लमेंटने नाही म्हटलं आणि काम करावं लागलं. रिबलहेडच्या दलदलीवर २४ कमानींचा पूल उभा राहिला, सुमारे ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच. मजूर कुटुंबांसकट तिथल्या झोपड्यांत राहिले. जवळच्या चॅपल-ले-डेल या खेड्यातल्या छोट्या चर्चच्या आवारात त्या काळातले दोनशेहून जास्त दफनविधी झाले. मजूर, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. मी तिथे गेले तेव्हा मला बोरघाट आठवला. तिथे खपलेल्या हजारोंसाठी आपण किती दगड उभे केले?

प्रवासी गाड्या १८७६ मध्ये सुरू झाल्या. पुढे, ११ ऑगस्ट १९६८ ला, ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरच्या वाफेच्या इंजिनांना निरोप देणारी शेवटची गाडी काढली, तीही याच लाइनने कार्लाइलला गेली. आणि १९८० च्या दशकात ही लाइनच बंद करायचं ठरलं. पुलाच्या कमानी झिजल्यात, दुरुस्ती परवडणार नाही, प्रवासी नाहीत, अशी कारणं दिली गेली. बंद करण्याचं काम बघायला रॉन कॉटन नावाचे अधिकारी नेमले. त्यांनी मात्र स्वस्त तिकिटं काढली, जाहिरात केली, बंद पडलेली आठ छोटी स्टेशनं १९८६ मध्ये पुन्हा उघडली, आणि गाड्या भरायला लागल्या.

दुसरीकडे लोक उभे राहिले. कोणत्या गाडीला किती डबे होते, कोणती मालगाडी दुसऱ्या वाटेने वळवली, हे ज्यांच्या वह्यांत तारीखवार लिहिलेलं होतं ते हेच फलाटाच्या टोकावरचे लोक. लाइन एकदम बंद पडत नसते, आधी ती हळूहळू रिकामी केली जाते. रोज बघणाऱ्याला ते पहिल्यांदा कळतं. बंद करण्याविरुद्ध बावीस हजारांहून जास्त हरकती नोंदवल्या गेल्या आणि त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता. रस्वार्प त्याचं नाव. तो मालकाबरोबर तिकीट काढून प्रवास करायचा, म्हणजे पैसे भरणारा प्रवासी, म्हणून त्याची हरकत मान्य झाली. ११ एप्रिल १९८९ ला सरकारने जाहीर केलं की लाइन राहणार. पुलाची दुरुस्तीही अंदाजापेक्षा स्वस्तात झाली. गार्सडेल स्टेशनच्या फलाटावर रस्वार्पचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय मी कधी पुढे गेले नाही.

या लाइनवर अजून जुने, पाटीचे सिग्नल आहेत. आपण म्हणतो, ‘सिग्नल पडला, गाडी येतेय.’ तिथे पाटी पडत नाही, वर उठते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उलटंच समजले आणि वही उघडायच्या आत गाडी निघून गेली. रिबलहेडच्या फलाटावर वारा असा असतो की वही दोन्ही हातांनी धरावी लागते, मग लिहायचं कशाने? माझ्या त्या ओळखीच्या गृहस्थांनी मला पानांना रबराचा पट्टा लावायला शिकवलं आणि पेन सोडून पेन्सिल घ्यायला सांगितलं, कारण पावसात शाई फुटते. तिथे जवळच्या साइडिंगला ओंडक्यांची मालगाडी भरत असे. डिझेल इंजिन आणि मागे पाईनचे ओंडके, गाडी गेल्यावर दोन मिनिटं फलाटावर ओल्या लाकडाचा वास. नंबर टिपून झाला की थर्मासमधला चहा. तिथे मी कितीतरी शनिवार घालवलेत.

सगळ्याच लाइनी वाचल्या नाहीत. मँचेस्टर ते शेफील्ड डोंगर ओलांडणारी वुडहेडची लाइन १९५४ मध्ये विजेवर आली, तिच्यासाठी पाच किलोमीटरचा नवा बोगदा खणला. विजेचा दाब १५०० व्होल्ट, डीसी. श्रोतेहो, आपल्या मुंबईत १९२५ मध्ये पहिली विजेची गाडी धावली आणि पुढे वीज घाट चढून पुण्यापर्यंत गेली, ती हीच वीज. दोन्हीकडे घाट, दोन्हीकडे उतरतानाच्या गाडीची ताकद वीज बनवून तारेत परत पाठवणारी इंजिनं. आपला घाट आजही गाड्यांनी गजबजलेला आहे. वुडहेडवरून शेवटची मालगाडी १९८१ च्या जुलैत गेली. आता मँचेस्टरहून निघालेली लोकल हॅडफील्डला थांबते आणि तिथेच तारा संपतात. पुढच्या रस्त्यावर रूळ नाहीत, पायवाट आहे. मी ती पूर्ण चालले. बोगद्याचं तोंड बंद आहे, आतून उच्च दाबाच्या केबल नेल्या आहेत. तिथे टिपायला काही नव्हतं. मी वहीत तारीख लिहिली आणि पुढची ओळ कोरी सोडली.

आणि मग शेवटी मी खेकड्याचं माहेर शोधलं.

पूर्वीच्या लँकशायरमधल्या न्यूटन-ले-विलोज या गावाजवळ व्हल्कन फाउंड्री होती, १८३० सालची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ओढणारी इंजिनं इथे घडली. आणि १९२८ च्या सुमारास बोरघाटासारख्या घाटांसाठी जी ४१ विजेची मालइंजिनं आली, त्यांतली पहिली दहा स्वित्झर्लंडची, बाकीची याच कारखान्यातली. आजोबांचा खेकडा. कारखाना आता नाही, त्या जागी घरं झालीत. पण कामगारांसाठी बांधलेली जुनी विटांची वस्ती अजून उभी आहे, व्हल्कन व्हिलेज याच नावाने. तिच्या कडेनेच वॉरिंग्टनकडे जाणारी लाइन जाते.

मी तिथे कुंपणापाशी उभी होते. आजोबांची चोपडी पिशवीत होती. कर्जतहून आईने माझ्या हट्टाखातर पाठवलेली. त्यातला एक खेकड्याचा नंबर काढला, त्याच्यापुढे आजोबांनी लिहिलं होतं, ‘गुणी’. तेवढ्यात लाइनवर साधी, दोन डब्यांची गाडी आली, थांबली नाही, गेली. १५० ची होती. मी माझ्या वहीत तिचा नंबर घातला, जागेचं नाव घातलं, आणि थोडा विचार करून पुढे लिहिलं, ‘बरी’.

नमस्कार.