सोलापूर ते मुंबई : हवेतले ३६० किलोमीटर

(दृश्य : आसरा चौक, सकाळ. रिक्षात आजी, नातू आणि चादरींचा गठ्ठा.)

"मुंबईला किती वेळ लागतो ओ विमानानं?" आजींनी विचारलं. रिक्षावाले आरशात बघून हसले. "बसलं की उतरलं बघा!"

होटगी रोडच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ दोरी ताणली, तर ती भरते साधारण ३६० किलोमीटर. आगगाडीनं सीएसएमटी ४५५ किलोमीटर. तिला कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो.

या दोरीच्या वाटेत विमानांना आडवी येणारी एक चिमणी होती, सिद्धेश्वर साखर कारखान्याची. तिच्यावरून गावात किती वाद झाले, ते सोलापूरकरांना सांगायला नको. १५ जून २०२३ रोजी ती पाडली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं.

(दृश्य : धावपट्टीवर विमान.)

आता हिशोब करू. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरनं जातं. म्हणजे मुंबई सत्तावीस मिनिटांत यायला हवी. मग वेळापत्रकात तास-सव्वा तास का लिहितात?

कारण हा वेळ आकाशात मोजतच नाहीत. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू होतं, आणि मुंबईत ते जागेवर उभं राहिलं की थांबतं. मधे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं. दहा हजार फुटांच्या खाली वेगाला लगाम, साधारण ताशी ४६० किलोमीटरचा. इतक्या जवळच्या प्रवासात विमान नीट उंच जातं न जातं, तोच उतरायची तयारी. एसटीनं टॉप गिअर टाकावा आणि लगेच पुढचा थांबा यावा, तसंच. त्यातून मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. नंबर लागेपर्यंत वर घिरट्या.

(दृश्य : काउंटरवरचा वजनकाटा. गठ्ठा काट्यावर. कडक भाकरीचा डबा मात्र आजींच्या मांडीवर. सामानात दिला तर चुरा होईल म्हणून.)

तिकिटावर न छापलेला वेळ तो हा. दीड-दोन तास आधी पोचायचं. उतरल्यावर पट्ट्यापाशी गठ्ठ्याची वाट बघायची. मग दादरपर्यंतचं ट्रॅफिक. घरापासून घरापर्यंत चार-पाच तास कुठं गेले कळत नाही. वंदे भारत साडेसहा तास घेते, पण थेट दादरला सोडते.

नातवानं हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं. आजींनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस? तिच्यात निदान झोप तरी होते की रे."